मसुरी-लंढौर: इथे माणसं का येऊन राहिली?

पायवाट | रविवार, रात्री १०:१२

मागच्या ऑक्टोबरात आत्याला घेऊन अकरा दिवस मसुरीला राहून आले. प्रवासवर्णन लिहायचं नाहीये. केम्प्टी धबधब्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, आणि आम्ही तिथे गेलोही नाही.

आत्या शहात्तर वर्षांची, भूगोलाची निवृत्त शिक्षिका. तिच्याबरोबर फिरायचं म्हणजे दर वळणावर तोंडी परीक्षा. दुसऱ्याच दिवशी मॉल रोडवर कणीस खाता खाता तिने विचारलं, "अगं, पण हे गाव इथे आलंच का? नदी नाही, तीर्थ नाही, किल्ला नाही, बाजारपेठेची वाट नाही. दोन हजार मीटरवर पाण्याची बोंब. माणसं राहायला आली कशाला?" मला उत्तर देता येईना. त्यासाठी हा धागा.

जेवढं कळलं तेवढं लिहिते. १८१४ मध्ये खाली डूनच्या (देहरादूनच्या) खोऱ्यात नालापाणीला इंग्रज आणि गोरखे यांची मोठी लढाई झाली. युद्धाअखेर डून कंपनीकडे आलं. फ्रेडरिक यंग नावाचा आयरिश अधिकारी गोरख्यांचीच पलटण उभारून डूनमध्ये राहिला. १८२३ च्या सुमारास त्याने आणि डूनचा कारभार पाहणाऱ्या शोअरने वर डोंगरावर शिकारीसाठी एक झोपडं बांधलं. तेव्हा तिथे होती ती मंसूरची झुडपं आणि गुरं चारायला वर येणारे गुराखी. त्या झुडपावरून 'मंसूरी'. तिथले जुने लोक अजून अनुस्वार लावूनच म्हणतात. (मसूर डाळीशी संबंध नाही. आत्याने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं.)

यंगने १८२५ मध्ये मसुरीच्या वरच्या अंगाला लंढौरला 'मलिंगार' नावाचं पक्कं घर बांधलं आणि १८२७ मध्ये तिथल्या टेकडीवर आजारी गोऱ्या शिपायांसाठी हवापालटाचं ठाणं निघालं. म्हणजे वरच्या गावाची सुरुवात इस्पितळापासून. तिथल्या 'सिस्टर्स बाजार'चं नावही नर्सबायांच्या बराकीवरून पडलंय. लंढौर हा शब्द मला इतका पहाडी वाटायचा, तर तो वेल्समधल्या एका खेड्याच्या नावाचा अपभ्रंश निघाला.

आता माझं म्हणणं. सिमल्याला उन्हाळ्यात हिंदुस्थानचं सरकार चढायचं, दार्जिलिंगला बंगालचं, नैनितालला संयुक्त प्रांताचं. मसुरीला कुठलंच सरकार कधी चढलं नाही. दरबार नाही, सचिवालय नाही, बड्या साहेबाची नजर नाही. त्यामुळे इथे आली ती सगळी कुठून तरी सुटलेली किंवा उठवलेली माणसं. आजारी शिपाई. पदच्युत झालेला अफगाण अमीर दोस्त मोहम्मद, पहिल्या अफगाण युद्धाच्या काळात इंग्रजांनी त्याला इथे आणून ठेवलं (डूनचा बासमती त्यानेच आणवला असं तिकडे सांगतात). रणजितसिंहाचा मुलगा दुलीपसिंग, राज्य गेलं, आईपासून तोडलं, आणि १८५२-५३ चे उन्हाळे इथल्या मॅनॉर हाउसमध्ये. मुलाला खेळायला म्हणून क्रिकेटचं मैदान करून दिलं! आणि थेट १९५९ च्या एप्रिलमध्ये तिबेटहून निसटलेले दलाई लामा. धरमशाला नंतर, आधी वर्षभर मसुरी. हॅपी व्हॅलीत तिबेटी वस्ती आणि शाळा आहे ती तेव्हापासून.

एक प्रसंग सांगते आणि थांबते. हाथीपावला जॉर्ज एव्हरेस्टचं घर आहे, पार्क इस्टेट. भारताचा सर्व्हेयर जनरल असताना १८३२-३३ ते १८४३ तो इथे राहायचा. आता दुरुस्त करून संग्रहालय केलंय. आत्या बाकावर बसली, थर्मासमधला चहा ओतला आणि समोर बोट करून म्हणाली, "यातलं एव्हरेस्ट कुठलं?"
"इथून दिसत नाही गं."
"मग त्याने कुठून पाहिलं?"
"त्यानेही नाही पाहिलं. तो १८४३ मध्ये विलायतेला परत गेला. शिखराला त्याचं नाव दिलं १८६५ मध्ये. त्याची तर हरकत होती, हे नाव हिंदीत लिहिता येत नाही म्हणून."
आत्या जी हसायला लागली. चहा सांडला. "छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं मी हे नाव," म्हणाली.

तर, मसुरीबद्दल ज्यांना काही माहीत असेल त्यांनी भर घालावी. मी चूक असेन तर तेही सांगा.

चहाबिस्किट | रविवार, रात्री १०:४०

आत्यांना सा. न. वाचतेय. कणीस केवढ्याला पडलं तेही लिहा.

वर्ध्याचा_बाबू | रविवार, रात्री ११:२५

एव्हरेस्टसाहेब आले म्हणून आमच्या हिंगणघाटचं नाव घ्यायलाच हवं. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा एव्हरेस्टच्या आधीचा मुख्य होता विल्यम लॅम्बटन. त्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजली आणि कन्याकुमारीपासून त्रिकोणांवर त्रिकोण रचत उत्तरेकडे सरकत राहिला. दुर्बिणीचं यंत्रच अर्ध्या टनाचं, ते देवळांच्या गोपुरांवर चढवायचं आणि उतरवायचं. वीस वर्षं हेच. सत्तरीच्या घरात पोचला तरी तंबू सोडला नाही. नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे.

पुढे मोजणी एव्हरेस्टच्या गळ्यात पडली आणि ती रेषा संपली कुठे, तर मसुरीच्या बानोग टेकडीवर, तुम्ही चहा सांडलात तिथून हाकेच्या अंतरावर. कन्याकुमारी ते मसुरी, साधारण २,४०० किलोमीटर. आत्यांचा प्रश्न होता ना, माणसं का आली? हा माणूस रेषेच्या टोकाशी घर करून राहिला. इतकं सरळ उत्तर दुसऱ्या कुठल्या रहिवाशाचं नसेल.

आमच्याकडे त्या लॅम्बटनला कोण विचारतो म्हणा. हिंगणघाट म्हटलं की लोकांना कापूस आठवतो.

आगाऊ_कार्टं | रविवार, रात्री ११:३१

"कुठलंच सरकार कधी चढलं नाही" यावर आमच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून तीव्र निषेध नोंदवण्यात येत आहे. इथे मुलं भिंतीवर मसुरीचा फोटो लावून सात-सात वर्षं काढतात ताई.

पायवाट | सोमवार, सकाळी ७:०५

@वर्ध्याचा_बाबू, हिंगणघाटचं ठाऊकच नव्हतं. आत्याला फोन करून सांगितलं. ती दोन मिनिटं गप्प. मग, "वर्ध्याला तीन वर्षं होते गं मी, कोणी सांगितलं नाही."

@आगाऊ_कार्टं, निषेध मान्य. पण तो शार्लव्हिल हॉटेलचा वाडा सरकारने आयएएस अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण अकादमीसाठी घेतला १९५९ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर. आणि तिथे येतं ते शिकाऊ सरकार. शिकून झालं की खाली उतरतं.

@चहाबिस्किट, विचारू नका.

जुनं_दप्तर | सोमवार, दुपारी १:४८

धागाकर्तीने यादीत एक माणूस सोडला आहे, आणि मराठी माणसाने तो सोडू नये म्हणून लिहितो.

कॅमल्स बॅक रोडवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत जॉन लँगची कबर आहे. जन्म १८१६, ऑस्ट्रेलियातला. वकील, कादंबऱ्या लिहायचा, 'मोफसिलाइट' नावाचं वर्तमानपत्र चालवायचा आणि त्यातून कंपनी सरकारची यथेच्छ टिंगल करायचा. ज्योतीप्रसाद नावाच्या एका हिंदी कंत्राटदाराचा खटलाही त्याने कंपनीविरुद्ध लढवून जिंकला होता. गोऱ्यांच्या क्लबात त्याचं स्वागत कसं होत असेल याची कल्पना करा.

गंगाधरराव नेवाळकर नोव्हेंबर १८५३ मध्ये गेले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली. तेव्हा राणी लक्ष्मीबाईंनी आग्र्याहून ज्या वकिलाला बोलावून घेतलं तो हा लँग. १८५४ सालची गोष्ट. त्या भेटीचं वर्णन त्याने स्वतः लिहून छापलंय. मध्ये पडदा होता, छोट्या दामोदररावाने तो बाजूला केला आणि त्याला क्षणभर राणी दिसली. अंगावर साधी पांढरी मलमल, कानातलं सोनं सोडता दागिना नाही. त्याने व्यवहारी सल्ला दिला: वरच्या दरबारात दाद मागू, तोवर निषेध नोंदवून पेन्शन घेत राहा. राणीने पेन्शन घ्यायचं साफ नाकारलं. 'झाशी देणार नाही' हे तिचं वाक्य आपण शाळेपासून पाठ म्हणतो, ते त्याच्याच लिखाणात नोंदलेलं आहे.

अर्ज फेटाळला गेला, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. लँग १८६४ च्या ऑगस्टमध्ये मसुरीत वारला. अठ्ठेचाळीसही पुरी नव्हती. मग शंभर वर्षं त्याची कबर कुठे आहे हे कोणाला सांगता येत नव्हतं. १९६४ मध्ये तिथेच राहणाऱ्या रस्किन बाँड यांनी ती झुडपांतून शोधून काढली. आणि २०१४ मध्ये आपले पंतप्रधान ऑस्ट्रेलियाला गेले तेव्हा तिथल्या पंतप्रधानांना भेट काय दिली, तर लँगने राणीच्या वतीने केलेल्या त्या अर्जाची प्रत.

सुटलेली किंवा उठवलेली माणसं हे तुमचं वर्णन लँगला चपखल बसतं. कंपनीच्या राज्यात राहून कंपनीला शिव्या द्यायच्या तर गाव असंच लागतं, जिथे कंपनीचं कचेरीकाम नाही.

पायवाट | सोमवार, दुपारी २:१०

अरे देवा. आम्ही कॅमल्स बॅक रोडवर रोज सकाळी फिरायला जात होतो. त्या दफनभूमीच्या बंद फाटकासमोर आत्या दम खायला थांबायची. रोज! आता हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

फिल्मचा_रोल | सोमवार, दुपारी ३:३६

फाटक बहुतेक वेळ बंदच असतं, वाईट वाटून घेऊ नका. मी आठ-नऊ वर्षांपूर्वी गेलो होतो. चौकीदाराला शोधण्यात सकाळ गेली. तो खाली कुठेतरी गवत कापत होता. आधी म्हणाला परवानगी आणा. मी म्हटलं, झाशीच्या राणीच्या वकिलाची कबर बघायचीय. तो म्हणाला, "अच्छा, वो रानीवाले?" आणि विळा खांद्यावर टाकून पुढे निघाला.

उतार इतका तीव्र की कबरी पायऱ्यांसारख्या एकाखाली एक आहेत. देवदारांमुळे भर दुपारी अंधार. पायाखाली ओल्या सुयांचा थर, दोनदा घसरलो. लँगची कबर साधी आहे, पुतळा-बितळा नाही. शेवाळं चढलेलं. चौकीदाराने माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, दगडावर ओतली आणि तळव्याने घासलं. अक्षरं ओली झाली की काळी उमटतात आणि वाळली की पुन्हा नाहीशी होतात. तेवढ्या वेळात तीन फोटो मिळाले, त्यातला एक हललेला.

त्याच दफनभूमीत 'पहाडी विल्सन'ही आहे. हर्सिलचा राजाच जणू, भागीरथीतून देवदाराचे ओंडके वाहवून गबर झालेला. चौकीदाराला त्याच्यात जास्त रस होता. "इसने जंगल खा लिया," एवढंच म्हणाला.

माथेरानी | सोमवार, संध्याकाळी ६:२०

धागाकर्तीचा मुद्दा आपल्याकडे लावून बघा, लगेच पटतो. महाबळेश्वरला मुंबईचा गव्हर्नर उन्हाळ्यात मुक्काम ठोकायचा. त्याची ऐट अजून गेलेली नाही. माथेरान ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० मध्ये फिरता फिरता शोधलं आणि ते फिरण्यापुरतंच राहिलं. मसुरी म्हणजे माथेरानची उंच बहीण. फरक एवढाच की आम्ही मोटारी वर येऊ दिल्या नाहीत.

(आणि कृपया ई-रिक्षाचा विषय इथे काढू नका. वेगळा धागा आहे.)

डूनवासी | सोमवार, रात्री ९:५७

देहरादूनमध्ये बावीस वर्षं राहतो, मूळचा सांगलीचा. धागा छान चाललाय, पण मला एक गोष्ट सकाळपासून खटकतेय, म्हणून जरा लांब लिहितो.

"इथली सगळी माणसं बाहेरून आलेली" हे म्हणताना तुम्ही ज्यांची नावं घेताय ते सगळे साहेब, अमीर आणि महाराज आहेत. त्यांना वर कोणी नेलं? १९०० मध्ये रेल्वे देहरादूनपर्यंत आली. त्याआधी सहारनपूरहून टांगा, पुढे राजपूरपर्यंत, आणि राजपूरपासून उभी चढण. मॅडमसाहेब डांडीत बसायच्या आणि ती डांडी चार गढवाली खांद्यांवर असायची. १९०२ मध्ये सॅव्हॉय हॉटेल उघडलं, त्याचे पियानो आणि बिलियर्डची टेबलं बैलगाड्यांनी चढली असं कौतुकाने सांगतात. गाड्या हाकणाऱ्यांचं कौतुक कोणी सांगत नाही. १९०७ मध्ये गलोगीला पाण्यावर वीज तयार करायचं घर उभं राहिलं, देशातल्या पहिल्या काहींपैकी एक. तिथली यंत्रंही तशीच गेली.

मसुरीच्या पाठीमागे उतरलात की जौनपूरची गावं लागतात, पूर्वीच्या टिहरी संस्थानातली. दीडशे-दोनशे वर्षं मसुरीचं दूध, बटाटा, मटार, कोळसा तिथून येतोय. अजूनही सकाळी लंढौर बाजारात दुधाचे कॅन घेऊन उतरणारे-चढणारे दिसतील. त्यांना विचारा गाव कशाला आलं. ते म्हणतील गाव आमचंच होतं, तुम्ही कशाला आलात.

त्यांचं स्वतःचं एक जग आहे, मसुरीच्या एकाही फलकावर न लिहिलेलं. जूनच्या अखेरीला अगलाड नदीत 'मौण' असतो. ढोल-दमाऊ वाजवत शेकडो माणसं नदीत उतरतात, तिमरूच्या सालीची पूड पाण्यात सोडतात, मासे गुंगतात आणि मग हातांनी, जाळ्यांनी पकडायचे. तिमरू म्हणजे आपल्या तिरफळाची चुलत बहीण. बांगड्याच्या आमटीत घालतो तीच जात. मी पहिल्यांदा वास घेतला तेव्हा नदीच्या काठावर उभा राहून मला मालवणची मावशी आठवली.

मॉलवर 'हिंदी लोक आणि कुत्र्यांना मज्जाव' अशी पाटी होती आणि मोतीलाल नेहरू रोज मुद्दाम चालत जाऊन रोज दंड भरायचे, हे तिथे सगळे सांगतात. खरंखोटं राहू दे, पण मोतीलालांना दंड परवडत होता. हातरिक्षा ओढणाऱ्याला पाटी लागू नव्हती, कारण तो माणसांत धरलाच जात नव्हता.

आणि इतिहास १९५९ ला संपत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात देहरादूनहून वर बघितलं की डोंगरावर पांढरे ओरखडे दिसायचे, चुनखडीच्या खाणी. झरे आटले, पावसाळ्यात दगडमाती खालच्या शेतांत उतरायची. १९८३ मध्ये देहरादूनच्या रूरल लिटिगेशन अँड एन्टायटलमेंट केंद्राने सर्वोच्च न्यायालयाला पत्र धाडलं, न्यायालयाने तेच याचिका म्हणून घेतलं आणि १९८५ मध्ये बहुतेक खाणी बंद करायला लावल्या. पर्यावरणासाठी चालू उद्योग बंद करण्याचा तो देशातला अगदी सुरुवातीचा निकाल. डोंगर पुन्हा हिरवा केला तो प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण बटालियनने, म्हणजे निवृत्त गढवाली जवानांनी. आज तुम्ही ज्या हिरवळीचे फोटो काढता त्यातली बरीच चाळीस वर्षांची आहे, इंग्रजांच्या काळातली नाही.

दुसरं. २ सप्टेंबर १९९४. वेगळ्या उत्तराखंड राज्यासाठी आंदोलन पेटलं होतं. आदल्या दिवशी खटीमाला गोळीबार झाला होता, त्याचा निषेध करायला मसुरीत झूलाघरापाशी माणसं जमली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सहा आंदोलक गेले, त्यात दोन बायका होत्या. एक पोलीस अधिकारीही त्या दिवशी मारला गेला. झूलाघरापाशी स्मारक आहे. त्याच्या बाजूलाच गन हिलच्या रोपवेच्या तिकिटांची रांग लागते. रांगेतले लोक स्मारकाच्या कठड्यावर आइसक्रीम खात बसतात.

ज्या गावाला कोणी आपलं म्हणत नाही त्यासाठी माणसं गोळ्या खात नाहीत.

चहाबिस्किट | सोमवार, रात्री १०:२०

काय बोलावं कळेना. मी पण त्या रोपवेच्या रांगेत उभी राहिलेय. स्मारकाकडे लक्षच गेलं नाही.

पायवाट | सोमवार, रात्री ११:३४

@डूनवासी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आधी राग आला, खरं सांगते. मग आठवलं की लंढौरला मलिंगारच्या चढावर आमच्यापुढे एक नेपाळी हमाल चालला होता. पाठीवर फ्रिज, कपाळावरून पट्टा, हातात टी-आकाराची काठी. दर तीस पावलांवर काठी फ्रिजखाली टेकवून उभ्या उभ्या विसावा घ्यायचा. आम्ही दोघी मोकळ्या हातांनी त्याला गाठू शकलो नाही. त्या रात्री मी वहीत यंग, एव्हरेस्ट, दुलीपसिंग सगळं लिहिलं, हा माणूस नाही लिहिला.

तरीही माझा मुद्दा पूर्ण सोडत नाही. गाव *कशामुळे* वसलं हा प्रश्न वेगळा आणि ते *कोणाच्या जिवावर* उभं राहिलं हा वेगळा. पहिल्याचं उत्तर अजून मला तेच वाटतं. दुसऱ्याचं तुम्ही दिलंत.

डूनवासी | मंगळवार, सकाळी ६:४८

हे मान्य. मीही जरा जोरात लिहिलं. सकाळी उठून वाचलं तर शेवटचं वाक्य भाषणासारखं झालंय, पण आता खोडत नाही.

सांगलीची_सासू | मंगळवार, सकाळी ११:१५

मी इथे सहसा नुसती वाचते. पण लंढौरचं नाव आलं म्हणून.

आमची सून अमेरिकन. लग्नाआधी तीन महिने लंढौरच्या भाषाशाळेत हिंदी शिकली. केलॉग चर्चमध्ये भरते ती. तिथे शंभराहून जास्त वर्षं मिशनरी हिंदी शिकत आलेत आणि ज्या केलॉगच्या नावाचं चर्च आहे त्याने १८७६ मध्येच हिंदीचं जाडजूड व्याकरण छापलं होतं, असं तिनेच सांगितलं. तर ही बाई सांगलीत उतरली आणि मला म्हणाली, "माताजी, क्या मैं आपकी सहायता कर सकती हूँ?" माझं हिंदी म्हणजे "भैया, कितने को दिया". मी घाबरून ह्यांना हाक मारली. शेवटी दोघी इंग्रजीवर आलो. मराठी ती नंतर भाजीवालीकडून शिकली, आणि आता तिचं मराठी अगदी भाजीवालीसारखंच आहे.

येताना सिस्टर्स बाजारातून शेंगदाण्याच्या लोण्याच्या चार बाटल्या आणल्या होत्या. अमेरिकन मिशनऱ्यांमुळे ते तिथे करायला लागले म्हणे. ह्यांनी चाखून सांगितलं, "आपल्या दाण्याच्या कुटात तेल पडलंय." पण संपवल्या.

आगाऊ_कार्टं | मंगळवार, सकाळी ११:१९

सांगलीच्या काकू, तुम्ही जास्त लिहीत जा.

जुनं_दप्तर | मंगळवार, दुपारी १२:५०

सरकार मसुरीला चढलं नाही या सिद्धांताला एक अपवाद नोंदवतो, आणि तो मोठा मजेशीर आहे. १९२० च्या उन्हाळ्यात, तिसऱ्या अफगाण युद्धानंतर, इंग्रज आणि अफगाण वकिलांच्या वाटाघाटी सॅव्हॉय हॉटेलात झाल्या. त्याच हॉटेलात तिशीतले जवाहरलाल नेहरू आजारी आई आणि बायकोला घेऊन हवापालटाला उतरले होते. पोलिसांनी त्यांना सांगितलं, अफगाणांशी संबंध ठेवणार नाही असं लिहून द्या. नेहरूंचा तसा काही इरादाही नव्हता, पण लिहून देणार नाही म्हणाले. झाली हद्दपारी. अलाहाबादेला परतल्यावर हाताला काम नव्हतं, त्याच दिवसांत प्रतापगढचे शेतकरी गाऱ्हाणी घेऊन तिथे आले होते. नेहरू त्यांच्याबरोबर खेड्यांत गेले आणि शेतकऱ्यांचं जिणं त्यांनी पहिल्यांदा जवळून पाहिलं.

म्हणजे मसुरीतून हाकललं जाणंही एखाद्याच्या कामी आलं. मग १९५९ मध्ये तेच नेहरू पंतप्रधान म्हणून, नुकत्याच परागंदा झालेल्या दलाई लामांना भेटायला तिथेच जातात.

गृहिणी_जीपीएस | मंगळवार, दुपारी ४:०२

इतिहास ठीक, पण कोणी जाणार असाल तर मे-जूनचे शनिवार-रविवार टाळा. आमची गाडी किनक्रेगच्या आधी तीन तास उभी होती. आणि मॉलवरच्या एका हॉटेलने 'दरीचं दृश्य' म्हणून जी खोली दिली तिच्या खिडकीतून जनरेटर दिसत होता. मालकाला दाखवलं तर म्हणाला, जनरेटरच्या मागे दरी आहे. खोटं नव्हतं.

पायवाट, तुम्ही ऑक्टोबरात गेलात ते उत्तम केलंत. विंटरलाइन दिसली का?

पायवाट | मंगळवार, रात्री ८:४५

@गृहिणी_जीपीएस, दिसली! शेवटून दुसऱ्या संध्याकाळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: थंडी सुरू झाली की सूर्य खऱ्या क्षितिजाच्या आधीच एका आडव्या धुरकट रेघेमागे बुडतो. खाली मैदानातली धूळ आणि धूर वरच्या उबदार हवेच्या थराखाली कोंडला जातो, त्याची वरची कड म्हणजे ती रेघ. पट्टीने मारल्यासारखी. वर केशरी, खाली जांभळट. आत्याने मोबाईलवर वेळ लिहून ठेवली, पंचांगातल्या सूर्यास्ताशी ताडून बघायला.

आत्ता तिला सगळे प्रतिसाद फोनवर वाचून दाखवले. पाऊण तास लागला. मौणाबद्दल ऐकून जूनमध्ये जायचं म्हणाली, गुडघ्यांचं काय ते नंतर बघू म्हणे. कबरीचं सांगितल्यावर माझ्यावर अपेक्षेप्रमाणे चिडली. डूनवासींना सांग म्हणाली की पुढच्या वेळी स्मारकापाशी आधी थांबेन. आणि मुलांना शिकवताना मीही हमालांबद्दल कधी बोलले नाही, नकाशात ते नसतात ना, असं म्हणाली.

पण त्याआधी तिला हिंगणघाटला जायचंय. ठाण्याहून सेवाग्राम गाठायचं आणि पुढे बस, असं तिने ठरवूनही टाकलंय. @वर्ध्याचा_बाबू, कबरीपर्यंत रिक्षा जाते का आणि तिथे फाटक असेल तर किल्ली कोणाकडे असते, तेवढं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. या वेळी बंद फाटकासमोर उभं राहायची माझी तयारी नाही.

वर्ध्याचा_बाबू | मंगळवार, रात्री ९:०१

किल्ली-बिल्ली आपण बघून घेऊ. आत्यांना म्हणावं, उन्हाळ्यात नका येऊ. व्यनि केलाय.